कारखान्यातली वार्षिक तपासणी: तुमचा रिपोर्ट तुमच्या हातात आहे का? (कुपवाड, मिरज, पलूसकडच्या लोकांनी जरूर वाचा)

वाळूचा_साचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हा धागा काढू का नको, यात दोन महिने गेले. आज काढतोच.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सोळा वर्षं फेटलिंगला होता. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंड साच्यात ओतलं, गार झालं, साचा फोडला की कास्टिंगला वाळू चिकटलेली असते आणि कडेनं जास्तीचं लोखंड आलेलं असतं. ते छिन्नीनं, हँड ग्राइंडरनं साफ करायचं म्हणजे फेटलिंग. वाळू भाजून कोरडी ठणठणीत झालेली असते. ग्राइंडर लागला की तिचं पीठ होतं. दादा घरी आला की त्याच्या भुवयांवर ते पीठ असायचं. वहिनी अंगणातच कपडे झटकायला लावायच्या आणि मग आत घ्यायच्या.

दरवर्षी तपासणी व्हायची, नाही असं नाही. गाडी यायची, रांग लागायची, छातीचा एक्स-रे, रक्त, नळीत फुंकणं, कानाला हेडफोन लावून आवाज ऐकणं. आठ-दहा दिवसांनी सुपरवायझर सांगायचा, "सगळे फिट." संपलं. सोळा वर्षांत दादाच्या हातात एक कागद आला नाही. आम्हीही मागितला नाही. फिट म्हटल्यावर मागायचं काय?

२०२३ च्या पावसाळ्यात खोकला धरला. थुंकीत काही सापडलं नाही, पण एक्स-रेवर डाग होते, म्हणून टीबीचं औषध सुरू झालं. सहा महिने घेतलं. वजन उतरलं, दम तसाच. दुसऱ्या दवाखान्यात गेलो, परत टीबीच, परत सहा महिने. शेवटी मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधी विचारलं, "काम काय करता? किती वर्षं? त्याच्या आधी काय करत होता?" इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. सिलिकोसिस निघाला, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार.

मग ते म्हणाले, "जुने एक्स-रे आणि फुंकण्याचे रिपोर्ट आणा, दरवर्षीचे असतील तर फारच चांगलं." आमच्याकडे एकही नव्हता. कंपनीत गेलो तर म्हणाले, तो ठेकेदाराचा माणूस, ठेकेदाराला विचारा. सोळा वर्षांत तीन ठेकेदार बदलले. तपासणीच्या गाडीवाल्यांना फोन केला तर म्हणाले, आम्ही सगळं कंपनीला दिलं.

कुणी आपल्या कारखान्यातून जुने मेडिकल रिपोर्ट मिळवलेत का? कसे मिळवले? आणि ज्यांचं काम अजून चालू आहे त्यांनी आजच विचार करा, तुमचा शेवटचा रिपोर्ट कुठं आहे?

---

कृष्णाकाठ

वाचून पोटात कालवलं भाऊ. दादांची तब्येत आता कशी आहे?

---

वाळूचा_साचा

सपाटीवर चालतो. दोन मजले चढायचे झाले तर मध्ये बसतो. रात्री दोन उशा घेऊन झोपतो. वय ४४.

---

श्वासमापन

मी छातीच्या रोगांचं काम करतो, मिरज परिसरातच. दादांच्या केसबद्दल इथून काही बोलणार नाही, पण तुम्ही जो मुद्दा काढलात तो फार थोड्या लोकांना कळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सिलिका म्हणजे वाळूतलं क्वार्ट्झ. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते, ती खोकून, शिंकरून बाहेर पडते. घात करते ती न दिसणारी, काही मायक्रॉनची. ती खोल फुप्फुसात जाते, तिथल्या पेशी तिला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात, आणि त्या जागी व्रणासारख्या गाठी तयार होतात. जुनाट प्रकार दहा वर्षांहून जास्त काम झाल्यावर दिसतो. धूळ फार असेल तर पाच ते दहा वर्षांत. हा आजार बरा करणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो पुढं सरकू शकतो. म्हणूनच लवकर ओळखणं इतकं महत्त्वाचं.

टीबीचा घोळ का होतो? दोन्हींचे डाग फुप्फुसाच्या वरच्या भागात येतात. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका खरोखरच जास्त असतो, त्यामुळे एकाच माणसात दोन्हीही असू शकतात. आधीच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. पण कामाचा इतिहास विचारला नाही तर हे कोडं सुटत नाही, आणि आपल्याकडे तो विचारायची सवय कमी आहे हे मान्य करतो. सगळ्यांना विनंती, डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. "मी फाउंड्रीत आहे, फेटलिंगला, इतकी वर्षं." हे एक वाक्य पुष्कळ काम करतं.

आता "फिट" या शब्दाबद्दल. फुंकण्याच्या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. त्यात एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरात एकूण किती हवा बाहेर टाकता येते, आणि एफईव्ही-१ म्हणजे पहिल्या सेकंदात किती जाते. तुमचं वय, उंची आणि स्त्री की पुरुष यावरून अपेक्षित आकडा काढतात आणि सर्वसाधारणपणे त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असलात तर "नॉर्मल" लिहितात. खाचखळगा इथंच आहे. एखाद्या तगड्या गड्याची सुरुवात ११० टक्क्यांवर असते. तो घसरत घसरत ८२ वर आला तरी कागदावर नॉर्मल. त्याच्या छातीचा चौथा हिस्सा गेला आणि शिक्का फिटचाच. ही घसरण एका रिपोर्टवरून कधीच दिसणार नाही. चार-पाच वर्षांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले तर शाळेतल्या पोरालाही दिसेल.

---

हातोडा_छिन्नी

मी पलूसला फेटलिंगमध्ये आहे, नऊ वर्षं. आमच्याकडं फुंकायला लावतात पण एकदाच. एकदा फुंकलं की पुढचा. डॉक्टर, हे बरोबर हाय का?

---

श्वासमापन

नाही दादा. कमीत कमी तीन चांगले फुंक लागतात, आणि त्यातले सर्वांत मोठे दोन एकमेकांच्या १५० मिलिलिटरच्या आत यायला हवेत. एकेक फुंक साधारण सहा सेकंद, अगदी तळापर्यंत हवा रिकामी होईस्तोवर. चपला काढून उंची मोजलेली हवी. नाकाला चिमटा हवा. यंत्र त्या दिवशी तीन लिटरच्या पंपानं तपासलेलं हवं. एका माणसाला नीट करायचं तर दहा-पंधरा मिनिटं जातात. एका सकाळी दोनशे माणसं एका यंत्रावर "झाली" असतील, तर ती तपासणी झालेली नाही असं खुशाल समजा.

एक्स-रेसुद्धा पूर्ण आकाराचा, खोल श्वास रोखून काढलेला हवा. धुळीच्या आजारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची एक पद्धत आहे. नमुन्याचे एक्स-रे शेजारी ठेवून वाचायचं आणि गाठी किती दाट आहेत त्यावरून ०/- ते ३/+ असा दर्जा द्यायचा. ती शिकलेला डॉक्टर वाचणारा असेल तर सुरुवातीच्या बारीक गाठीही सापडतात. सुरुवातीला फुंकणं नॉर्मल आणि एक्स-रेवर मात्र गाठी, असंही होतं, म्हणून दोन्ही हवं.

---

हेल्मेट_आणि_बूट

मी सेफ्टी ऑफिसर होतो, आता निवृत्त. कायद्याची बाजू लिहितो.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियम १९४८ मध्ये धोकादायक प्रक्रियांचं एक अख्खं प्रकरण घातलं गेलं. त्याच्या पहिल्या अनुसूचीत फाउंड्री होती, कास्टिंगची सफाई आणि सँड ब्लास्टिंग, शॉट ब्लास्टिंगसकट (वाळूचा किंवा धातूच्या छर्र्यांचा मारा करून साफ करणं). म्हणजे "आमचं काम धोकादायक यादीत नाही" असं कुणी फाउंड्रीवाला म्हणाला तर ते चूक.

त्यातलं कलम ४१सी सांगायचं की मालकानं अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी अद्ययावत ठेवायच्या आणि त्या कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत. तपासणी तीन टप्प्यांवर: कामावर घ्यायच्या आधी, काम चालू असताना, आणि काम सोडल्यानंतरही. दोन तपासण्यांमध्ये १२ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. "सोडल्यानंतरही" हे शब्द कायद्यात होते, पण माझ्या सगळ्या नोकरीत मी ते पाळलेले क्वचित पाहिले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० लागू झाली आणि जुना कारखाना अधिनियम तीत विलीन झाला. धोकादायक प्रक्रियांबाबतची मालकाची जबाबदारी तिथंही आहे. कायदा बदलला म्हणून हक्क गेला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आणखी एक, भाऊ, तुमच्या कामाचं. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलं, आणि त्या उद्योगांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, जे नंतरचं असेल तोवर जपायची. तो आदेश ॲस्बेस्टॉसबद्दल होता. पण चाळीस वर्षं का, याचं कारण सिलिकालाही लागू पडतं: हे आजार उशिरा उगवतात.

तुम्ही काय करायचं: कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या नावे साधा मराठी अर्ज. दादांचं नाव, विभाग, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, ठेकेदार कोणकोण, आणि "माझ्या सर्व वैद्यकीय तपासण्यांच्या प्रती, एक्स-रे व स्पायरोमेट्रीच्या आलेखांसह, द्याव्यात." दुसऱ्या प्रतीवर पोहोच, शिक्का आणि तारखेसह. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं. एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या आपल्या भागातल्या कार्यालयाला. ठेकेदाराचा माणूस असला तरी ज्या आवारात ती प्रक्रिया चालते तिथल्या मालकाची जबाबदारी सुटत नाही.

---

वाळूचा_साचा

साहेब, खूप आभार. अर्ज आज रात्रीच लिहितो.

---

रात्रपाळी

मला एक सांगायचंय. कुणाला सांगितलेलं नाही.

मी मोल्डिंग आणि नॉकआउटला आहे (वाळूचा साचा बांधणं आणि फोडणं), अकरा वर्षं. दोन वर्षांपूर्वीपासून चढ चढताना धाप लागते. गेल्या तपासणीला मी माझ्याऐवजी नव्या पोराला फुंकायला लावलं. माझ्या नावाची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. गाडीवाल्यानं तोंड बघितलं नाही. मी फिट झालो.

का केलं? कारण आमच्यातला एक जण अनफिट निघाला तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवला. ठेकेदार म्हणाला तब्येत सांभाळ. घरात दोन पोरं, एक नववीत. घराचा हप्ता आहे. अनफिट म्हणजे उपाशी, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून तपासणी आली की आम्ही ती चुकवायचं बघतो, तपासून घ्यायचं नाही.

---

कृष्णाकाठ

भाऊ, हे लिहायला धाडस लागतं.

---

वाळूचा_साचा

भावा, तुला एक शब्द बोलणार नाही. दादानंही खोकला चार महिने लपवला होता, हे मला नंतर वहिनींनी सांगितलं. पण त्या रिपोर्टवर आता तुझ्या नावापुढं दुसऱ्या पोराची छाती लिहिलेली आहे. उद्या तुला काही झालं तर तोच कागद तुझ्या विरोधात उभा राहील. कंपनी म्हणेल, बघा, गेल्या वर्षी तर ठणठणीत होता. तू एकदा मिरजेला सिव्हिलच्या ओपीडीत जाऊन स्वतःची खरी तपासणी करून घे. कंपनीला कळवायची सक्ती नाही. तुझ्यासाठी कर.

---

हेल्मेट_आणि_बूट

"रात्रपाळी", तुमची भीती खोटी नाही. मी माझ्या डोळ्यांनी असे गेटवरून परत पाठवलेले लोक पाहिलेत, आणि काही वेळा मी तिथं असूनही काही करू शकलो नाही, ते आजही सलतं.

पण नियमात अनफिट याचा अर्थ "या कामासाठी अनफिट" असा आहे. धुळीच्या विभागातून काढून पॅटर्न स्टोअर, डिस्पॅच, पॅकिंग, गेट अशा ठिकाणी पर्यायी काम द्यायचं, हा त्यामागचा विचार. माणूस घरी पाठवायचा नाही. आणि तुमचं ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर आणखी एका आधाराबद्दल विचारा: आजारपणाचा भत्ता चालू असताना, किंवा कामातल्या इजेमुळे तात्पुरतं अपंगत्व असताना मालकाला कामगाराला काढता येत नसे. जुन्या ईएसआय कायद्याचं कलम ७३; तो कायदाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गेला.

---

छोटा_कारखानदार

मी बारा माणसांची नॉन-फेरस (लोखंड सोडून इतर धातूंची) फाउंड्री चालवतो. धाग्यावर एकट्या मालकांवर रोख येण्याआधी माझी बाजू लिहितो, आणि प्रामाणिकपणे लिहितो.

तपासणी मी दरवर्षी करून घेतो. पण कबूल करतो, मीही ती "सर्टिफिकेट" म्हणूनच घेत आलो. ग्राहक कंपनीचं ऑडिट आलं की फाइल दाखवायची. रिपोर्ट इंग्रजीत, त्यातले आकडे मला कळत नाहीत, शेवटच्या ओळीत फिट आहे का ते बघायचं आणि फाइल कपाटात. कामगाराला प्रत द्यायची हे मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि सुचलंही नाही. हा धागा वाचून काल कपाट उघडलं. बारापैकी सात जणांचे गेल्या तीन वर्षांचे कागद आहेत. बाकी पाच जणांचा एकेकच.

उद्या सगळ्यांना झेरॉक्स देतो. डॉक्टर, एक विचारू? आकडे उतरताना दिसले तर मी काय करायचं? माणूस हलवू, पण शेड एकच आहे. कोपरा बदलला तरी हवा तीच.

---

श्वासमापन

दादा, तुम्ही नेमका प्रश्न विचारलात. एका माणसाचे आकडे घसरले तर तो त्याचा आजार असेल. एका विभागातल्या तिघांचे घसरले तर ती शेडची खबर आहे. तेव्हा माणूस बदलून भागत नाही, धूळ मोजावी लागते. कामगाराच्या गळपट्टीला छोटा पंप लावून आठ तासांची हवा गोळा करतात आणि बारीक धूळ आणि तिच्यातलं क्वार्ट्झ मोजतात.

---

हेल्मेट_आणि_बूट

मर्यादेचं सूत्र सोपं आहे: १० ला (क्वार्ट्झची टक्केवारी + २) ने भागा. बारीक धुळीत ३० टक्के क्वार्ट्झ असेल तर १० भागिले ३२, म्हणजे घनमीटरला सुमारे ०.३१ मिलिग्रॅम. ही मर्यादा आपल्या नेहमीच्या ऑडिटमध्ये कुणी बघत नाही, पण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत होती.

कमी पैशातलं सांगतो: ग्राइंडरच्या तोंडाशी ओढणारा पंखा आणि पाइप, झाडूऐवजी ओलं करून उचलणं, कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकणं पूर्ण बंद (हे प्रत्येक फाउंड्रीत चालतं आणि फार वाईट आहे), सँड ब्लास्टिंगच्या जागी स्टीलचे शॉट. रुमाल बांधून सिलिका अडत नाही. एन-९५ मास्क अडवतो, पण दाढी असेल तर कडेनं हवा घुसते.

---

शेडवरची

मी तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर जाते, हंगामात तीन महिने. तुमच्या फाउंड्रीचं मला काही कळत नाही, पण गंधकाची धुरी देतात तेव्हा घसा असा जळतो की रात्री पाणीसुद्धा गिळवत नाही. डोळे लाल. आमच्यात दोन बायकांना आता दमाच लागलाय. आमची कधी कुणी तपासणी केली नाही. आमचा कसला रिपोर्ट नी कसलं कपाट. आम्ही हजेरीवर. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

---

श्वासमापन

ताई, बरं झालं लिहिलंत. गंधक जळून जो वायू होतो, सल्फर डायऑक्साइड, तो ओलाव्याशी मिळून आम्ल होतो, म्हणून घसा आणि डोळे जळतात. ज्यांना आधीच दम्याची खोड आहे त्यांना तो थोडा असला तरी आवळतो.

तुमच्याकडे गाडी येणार नाही हे खरं. पण एक तपासणी तुमची तुम्हाला करता येते. पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी मिळते, औषधाच्या दुकानात हजाराच्या आत. उठल्यावर, दुपारी, काम सुटल्यावर, झोपताना असं चार वेळा फुंकायचं आणि वहीत आकडा लिहायचा. कामाच्या दिवसांचे दोन आठवडे आणि सुट्टीचेही दिवस. कामाच्या दिवशी आकडा पडतो आणि सुट्टीत वर येतो, असं वहीत दिसलं की कामामुळं होणारा दमा आहे का, हे डॉक्टरला त्या वहीवरून ठरवता येतं. दोघी-तिघींनी मिळून एक नळी घेतली तरी चालेल, फक्त तोंडाचा भाग वेगवेगळा ठेवा. आणि धुरी चालू असलेल्या खोलीचं दार उघडल्यावर लगेच आत जाऊ नका, आधी वारं लागू द्या.

---

द्राक्षबागायतदार

थोडं विषयाला सोडून, पण जवळचंच. बागेत फवारणी करणाऱ्या माणसांसाठी पण अशी रक्ताची तपासणी असते ना?

---

श्वासमापन

असते. काही कीटकनाशकं, ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली, रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम दाबतात. पण माणसामाणसात त्याची मूळ पातळी इतकी वेगवेगळी असते की हंगाम सुरू व्हायच्या आधी स्वतःची पातळी मोजलेली नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. कॅलिफोर्नियात नियमच आहे: लाल पेशींतलं एन्झाइम स्वतःच्या मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर उतरलं की त्या माणसाची फवारणी बंद, परत ८० टक्क्यांवर येईपर्यंत. बघा, इथंही तुलना स्वतःशीच.

---

हळदपेठ

माझे यजमान क्रोम प्लेटिंगला आहेत. त्यांच्या कंपनीत लघवी तपासतात क्रोमियमसाठी. पण गाडी दर वेळी आठवड्याच्या पहिल्या दिवशी सकाळी येते.

---

श्वासमापन

वहिनी, ते उपयोगाचं नाही. क्रोमियमसाठी नमुना आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, पाळी संपताना घ्यायचा असतो. सुट्टीनंतर सकाळी घेतला तर शरीरानं बरंच बाहेर टाकलेलं असतं आणि आकडा छान दिसतो. कानाच्या तपासणीचं बरोबर उलटं: ती गोंगाटापासून चौदा-सोळा तास दूर राहिल्यावर करायची. पाळीच्या मध्येच मशीनवरून उठवून नेलं तर आकडा उगाच वाईट येतो. यजमानांना नाकाच्या आतली तपासणी होते का तेही विचारा. क्रोमनं नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं, आणि ते दुखत नाही, म्हणून कळत नाही.

---

वाळूचा_साचा

मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय. अर्ज दिला, पोहोच घेतली, प्रत संचालनालयाला पाठवली. सतरा दिवस काही नाही. अठराव्या दिवशी कंपनीतून फोन आला, येऊन घेऊन जा. सगळे नाही मिळाले. सोळा वर्षांतले सहा मिळाले. ते सहा मी रात्री जेवणाच्या ताटाशेजारी मांडून बसलो होतो. एफव्हीसी असे:

२०१२: ३.७१ लिटर
२०१५: ३.५८
२०१८: ३.२०
२०१९: ३.२०
२०२१: २.७४
२०२३: २.४१

प्रत्येकावर खाली "फिट". २०१८ आणि २०१९ चे आलेख मी एकावर एक ठेवून उजेडात धरले. रेघ न् रेघ जुळते. म्हणजे २०१९ ला दादानं फुंकलेलंच नाही, तोच कागद तारीख बदलून लावलाय.

दादा शेजारी बसून बघत होता. तो एवढंच म्हणाला, "२०१५ नंतर सायकल सोडून गाडी घेतली होती मी. वाटलं वय झालं." तेव्हा तो छत्तिशीतही नव्हता.

---

श्वासमापन

वयानं प्रौढ माणसाचं एफव्हीसी वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर कमी होतं. अकरा वर्षांत फार तर ३३० मिलिलिटर. इथं १३०० गेलंय. २०१८ ला तोवरचे कागद शेजारी ठेवणारा कुणी असता तर तेव्हाच धुळीतून हलवता आलं असतं.

भाऊ, हे कागद फार मोलाचे आहेत. मूळ प्रती कुणाला देऊ नका.

---

हेल्मेट_आणि_बूट

आता पुढचं. दादांचं ईएसआय होतं का? सिलिकोसिस ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे आणि तो कामावरची इजा धरला जातो. वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते टक्क्यात ठरवतं आणि त्या प्रमाणात कायमस्वरूपी अपंगत्वाचा लाभ दरमहा मिळतो. ईएसआय नसेल तर नुकसानभरपाई मागायची. तिच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३ होता, त्याच्याही तिसऱ्या अनुसूचीत हा आजार होता; तोही आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गेला आहे. दोन्हीकडे एकदम मागता येत नाही.

ठेकेदार बदलल्यामुळं "हा इथं सोळा वर्षं नव्हताच" असं म्हणतील. त्याला उत्तर म्हणजे पीएफचं पासबुक. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) टाकून काढा, कुठल्या महिन्यात कुठल्या आस्थापनेकडून पैसे भरले ते सगळं त्यात असतं. ईएसआयच्या वर्गणीचा इतिहासही काढा. जुने गेटपास, दिवाळी बोनसच्या पावत्या, कामावरचे फोटो, काही टाकू नका.

---

वाळूचा_साचा

ईएसआय होतं, मधली दोन वर्षं सोडून. पासबुक काढलं. मधल्या दोन वर्षांचा पुरावा म्हणून वहिनींना दसऱ्याला कंपनीत मशीनपूजेला काढलेला फोटो सापडला. मागं फेटलिंगचं शेड आणि पाटीवर तारीख लिहिलेली.

---

छोटा_कारखानदार

सगळ्यांना झेरॉक्स दिल्या. तिघांचे आकडे खाली येताना दिसले, तिघंही एकाच ग्राइंडिंग टेबलावरचे. हवेची मोजणी सांगितली आहे, पुढच्या आठवड्यात माणूस येतोय. तोवर टेबल बंद ठेवलं आहे. एक ऑर्डर उशिरा जाईल. जाऊ दे.

---

रात्रपाळी

मिरजेला जाऊन आलो. ओपीडीत तीन तास लागले. डॉक्टरांना आधीच सांगितलं, नॉकआउटला आहे, अकरा वर्षं. चार वेळा फुंकायला लावलं, पहिल्यांदा मला पूर्ण रिकामं होईस्तोवर फुंकता येईना, खोकला आला. ७८ टक्के आलं. एक्स-रेवर वरच्या बाजूला थोडं काही तरी आहे म्हणाले, सीटी सांगितलाय. टीबीची पण तपासणी करणार.

ठेकेदाराला अजून सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. रिपोर्टचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये, माझ्या मोबाइलमध्ये, आणि मूळ कागद पोरीच्या दप्तराच्या वरच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत.

---

वाळूचा_साचा

शाब्बास. सीटी झाला की कळव. ठेकेदाराकडं जायचं ठरवशील तेव्हा एकटा जाऊ नको, मी सुट्टी काढून येतो. आणि आजची तारीख त्या पिशवीवर पेनानं लिहून ठेव, पुढच्या वर्षी याच आठवड्यात परत फुंकायचं.

दादाची मंडळाची तारीख पुढच्या महिन्याच्या १२ ची मिळाली आहे.